सी भाषेतला प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन का बंद पडतो? पॉइंटर आणि मेमरीचं गणित समजून घ्या उल्हासनगरच्या पत्त्यावरून

सी भाषा शिकताना सुरुवात बरी जाते. इफ-एल्स कळतं, लूप कळतात, फंक्शनही जमतं. मग पॉइंटरचा धडा येतो आणि भल्याभल्यांची गाडी अडते. प्रोग्राम कंपाइल होत नाही, झाला तर चालत नाही आणि चालला तर भलतंच उत्तर देतो. त्यात भर म्हणजे घरच्या लॅपटॉपवर बरोबर चाललेला प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये नेमका परीक्षेच्या दिवशी बंद पडतो.

हा त्रास सगळ्यांनाच होतो. 'लेट अस सी' हे भारतभर वाचलं गेलेलं पुस्तक लिहिणाऱ्या नागपूरच्या यशवंत कानेटकर यांनी फक्त पॉइंटर समजावून सांगायला 'अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी' हे वेगळं पुस्तक लिहिलं. एका विषयाला अख्खं पुस्तक लागतं, यातच सगळं आलं.

पण खरं सांगायचं तर पॉइंटर अवघड नाही. तो म्हणजे फक्त एक पत्ता. आणि पत्ता समजून घ्यायला उल्हासनगरसारखं दुसरं गाव नाही.

पत्ता म्हणजे घर नव्हे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बरॅकमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पण छावणीची खूण पत्त्यात राहिली. आजही इथला पत्ता कॅम्प नंबर, बरॅक नंबर, रूम नंबर असा सांगितला जातो.

कॉम्प्युटरची मेमरी अगदी अशीच असते. एकामागे एक नंबर टाकलेल्या खोल्यांची लांबच लांब रांग. प्रत्येक खोलीत एक बाइट मावतो. व्हेरिएबल म्हणजे खोलीतलं सामान. पॉइंटर म्हणजे ज्यावर खोलीचा पत्ता लिहिलाय ती चिठ्ठी.

सी भाषेतली दोन चिन्हं इथे कामाला येतात. & म्हणजे 'याचा पत्ता सांग'. * म्हणजे 'या पत्त्यावर जा आणि आत काय आहे ते बघ'. बस, एवढंच. गोंधळ होतो तो चिठ्ठीलाच घर समजल्यामुळे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सामान मोठं असेल तर एक खोली पुरत नाही. आजच्या बहुतेक कॉम्प्युटरवर इंट चार बाइट घेतो, म्हणजे सलग चार खोल्या. म्हणून इंटच्या पॉइंटरमध्ये एक मिळवला की पत्ता एकाने नाही, चारने पुढे सरकतो. ॲरे म्हणजे अशा सलग खोल्यांची बरॅक. पहिल्या खोलीपासून किती पुढे जायचं हे इंडेक्स सांगतो. पहिल्या खोलीसाठी कुठेच जायचं नसतं, म्हणून सीमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते.

आधी बघा, चूक कोणत्या टप्प्यावर आहे

लाल अक्षरं दिसली की बरेच जण थेट कोड बदलायला घेतात. त्याआधी एकच प्रश्न विचारा: ही तक्रार कोण करतंय?

तक्रार करणारे तिघे असतात. पहिला कंपायलर, तो लिहिलेला कोड तपासतो. दुसरा लिंकर, तो वेगवेगळे तुकडे जोडतो. तिसरी ऑपरेटिंग सिस्टीम, ती चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवते. तक्रार जितकी लवकर येईल तितकी चूक शोधायला सोपी. कंपायलरने पकडलेली चूक दोन मिनिटांत सुटते. तीच प्रोग्राम चालताना बाहेर आली तर दोन दिवस जाऊ शकतात.

कंपायलर काय म्हणतोय?

यादीत चाळीस एरर दिसल्या तरी घाबरू नका. आधी फक्त पहिली वाचा. ती सुधारा आणि पुन्हा कंपाइल करा. बऱ्याचदा उरलेल्या एरर ही पहिल्या चुकीचीच पिलावळ असते. नेहमी भेटणाऱ्या एरर अशा:

• 'एक्स्पेक्टेड सेमिकोलन बिफोर...' : कंपायलर ज्या ओळीचा नंबर दाखवतो, चूक कधी कधी तिच्या वरच्या ओळीत असते. सेमिकोलन राहिला हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं.

• 'अनडिक्लेअर्ड' : हे नाव कंपायलरला माहीतच नाही. स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि ते व्हेरिएबल दुसऱ्या महिरपी कंसात तर जाहीर केलं नाही ना, हे तपासा.

• 'इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन' : फंक्शन वापरलं, पण त्याची हेडर फाइल वर जोडली नाही. उदाहरणार्थ, मॅलॉक वापरायचं तर 'एसटीडीलिब' हवीच.

• 'मेक्स पॉइंटर फ्रॉम इंटिजर विदाउट अ कास्ट' : चिठ्ठी हवी तिथे सामान दिलं. & किंवा * राहिला आहे, किंवा जास्त झाला आहे.

• 'इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप' : चिठ्ठीच दिली, पण भलत्या प्रकारच्या खोलीची. इथे जबरदस्तीने कास्ट टाकून तोंड बंद करू नका. कंपायलर गप्प बसेल, चूक तिथेच राहील.

यातल्या शेवटच्या तीन गोष्टी जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये फक्त वॉर्निंग होत्या. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून त्या थेट एरर झाल्या. त्यामुळे सीनियरकडून आलेली जुनी जर्नलची फाइल नव्या लॅपटॉपवर कंपाइल झाली नाही, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. चूक आधीही होतीच, आता ती पकडली जाते.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं तर ती तक्रार लिंकरची आहे. फंक्शन आहे असं तुम्ही सांगितलं, पण त्याचा खरा कोड त्याला कुठेच सापडला नाही. दुसरी फाइल कंपाइल करताना जोडायची राहिली असेल, नावात फरक असेल किंवा लायब्ररी जोडली नसेल. लिनक्सवर वर्गमूळ काढणारं फंक्शन वापरलं की गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते, ती यातलीच गोष्ट.

चिठ्ठीचे चार घोळ

कंपायलर गप्प, लिंकर गप्प, प्रोग्राम सुरू झाला आणि 'सेगमेंटेशन फॉल्ट' येऊन बंद पडला. म्हणजे काय झालं? ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रामला मेमरीतला ठराविक भाग देते. प्रोग्राम त्याबाहेरच्या पत्त्यावर गेला, किंवा जिथे फक्त वाचायची परवानगी आहे तिथे लिहायला गेला, की ती त्याला तिथल्या तिथे थांबवते. असं होण्यामागे सहसा चारपैकी एक कारण असतं.

पहिला घोळ : कोरी चिठ्ठी. पॉइंटरमध्ये नल आहे, म्हणजे पत्ताच नाही, तरी त्यावर * लावला. फाइल उघडली नाही, मॅलॉकला जागा मिळाली नाही, लिंक्ड लिस्ट संपली, या तिन्ही वेळी नल हातात येतो. म्हणून वापरण्याआधी तपासा. नलची ही कल्पना १९६५ मध्ये टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडली. पुढे २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

दुसरा घोळ : रद्दीतली चिठ्ठी. फंक्शनमध्ये पॉइंटर जाहीर केला, पण त्यात काहीच भरलं नाही. तो रिकामा नसतो. त्या जागी आधीचा जो कचरा पडला होता तोच पत्ता म्हणून वापरला जातो. स्कॅनएफमध्ये & विसरणं हा याचाच भाऊ. व्हेरिएबलमधला आकडाच पत्ता समजून प्रोग्राम कुठेतरी लिहायला जातो.

तिसरा घोळ : जुनी चिठ्ठी. उल्हासनगरमध्ये कित्येक ठिकाणी बरॅक पाडून इमारती उभ्या राहिल्या. जुना पत्ता घेऊन गेलात तर जागा सापडेल, पण तुमचा माणूस तिथे असेलच असं नाही. फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरली की हेच होतं. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता रिटर्न केला तरी हेच. फंक्शन संपलं की ती जागा सुटते. बदलापूरला तुम्ही उतरलात की विंडो सीट तुमची राहत नाही, तसं.

चौथा घोळ : चौथी सीट. लोकलचा बाक तिघांचा. चौथा येतो, 'जरा सरका' म्हणतो आणि टेकतो. सी भाषाही कुणाला अडवत नाही. दहा जागांच्या ॲरेमध्ये अकरावा आकडा टाकला तर ती निमूटपणे टाकते, शेजारच्या व्हेरिएबलला ढकलून. लूपमध्ये 'पेक्षा लहान' ऐवजी 'पेक्षा लहान किंवा समान' लिहिलं की हा चौथा माणूस हमखास येतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. चुकीचा पत्ता दरवेळी बाहेरचा नसतो. तो तुमच्याच प्रोग्रामच्या हद्दीतला निघाला तर कुणीच थांबवत नाही. प्रोग्राम चालत राहतो आणि कुठेतरी एखादा आकडा गुपचूप बदलतो. अशा वेळी काय होईल याची सी भाषा कोणतीच हमी देत नाही. एका मशीनवर बरोबर उत्तर, दुसऱ्यावर चूक, तिसऱ्यावर क्रॅश, सगळं शक्य आहे. घरी चाललेला प्रोग्राम लॅबमध्ये बंद पडतो तो यामुळे. म्हणून सेगमेंटेशन फॉल्ट आला तर वाईट वाटून घेऊ नका. चूक निदान समोर तरी आली.

टर्बो सीवर शिकलेल्यांना हा धक्का जास्त बसतो. टर्बो सी डॉसच्या जमान्यातलं. तिथे प्रोग्रामभोवती अशी कुंपणंच नव्हती. नल पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम पूर्ण चालायचा आणि शेवटी 'नल पॉइंटर असाइनमेंट' एवढा निरोप यायचा. तिथे इंटही दोनच बाइटचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे आकडा जात नाही. तिथे चाललं म्हणून बरोबर आहे, असं समजू नका.

'बदलापूर' किती जागा घेतं?

स्ट्रिंगमध्ये हा चौथ्या सीटचा घोळ सर्वात जास्त होतो. बदलापूर हे नाव रोमन लिपीत लिहिलं तर आठ अक्षरं होतात. मग आठ जागांचा ॲरे पुरेल? नाही. सीमध्ये प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य बाइट लागतो, तोच 'इथे संपलं' असं सांगतो. म्हणजे नऊ जागा हव्यात.

आता तेच नाव देवनागरीत लिहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, उकार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. 'बदलापूर'मध्ये ब, द, ल, काना, प, दीर्घ उकार, र अशी सात चिन्हं. झाले २१ बाइट, शेवटचा शून्य धरून २२. 'उल्हासनगर'ला जोडाक्षरातला हलन्त धरून २७ अधिक एक. आपल्या भाषेत नाव, पत्ता घेणारा प्रोग्राम लिहिताना इंग्रजीच्या हिशोबाने जागा ठेवली तर शेजारच्या खोलीवर अतिक्रमण ठरलेलंच.

जागा मागितली, तर परत पण करा

अंबरनाथच्या एमआयडीसीत कारखान्याला भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो. मॅलॉकचं तसंच आहे. प्रोग्राम जागा मागतो, तिचा पत्ता मिळतो आणि काम झालं की फ्री म्हणून ती परत करायची असते. इथे चार चुका ठरलेल्या.

• जागा कमी मागणं : शंभर इंट हवेत म्हणून नुसते शंभर मागितले तर शंभर बाइट मिळतात, म्हणजे फक्त २५ इंट. शंभरला साइझऑफने गुणायला हवं.

• परत न करणं : याला मेमरी लीक म्हणतात. छोट्या प्रोग्राममध्ये कळतही नाही, कारण प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळं काढून घेते. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी यामुळे हळूहळू भरत जाते.

• दोनदा परत करणं : लिनक्सवर बहुतेकदा 'डबल फ्री डिटेक्टेड' असा निरोप येतो आणि प्रोग्राम बंद पडतो.

• परत करून पुन्हा वापरणं : फ्री केल्यावर पॉइंटरमध्ये नल भरायची सवय चांगली. पण त्याच पत्त्याच्या झेरॉक्स तुम्ही आणखी दोन पॉइंटरमध्ये ठेवल्या असतील, तर त्या जुन्याच राहतात.

साइझऑफची आणखी एक गंमत. ॲरे फंक्शनला दिला की आत फक्त पहिल्या खोलीचा पत्ता पोचतो. तिथे साइझऑफ विचारलं तर ६४-बिट मशीनवर उत्तर आठ येतं, कारण तो मापतो चिठ्ठी, बरॅक नाही. म्हणून ॲरेसोबत त्याची लांबीही वेगळी पाठवा.

चूक शोधायचा सोपा क्रम

एक. कंपाइल करताना 'डॅश डब्ल्यू-ऑल' आणि 'डॅश डब्ल्यू-एक्स्ट्रा' हे दोन पर्याय नेहमी लावा. स्कॅनएफमधला विसरलेला & कंपायलर इथेच दाखवतो. वॉर्निंग म्हणजे फुकटचा सल्ला, ती शून्यावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन. 'डॅश जी' लावून कंपाइल करा आणि प्रोग्राम जीडीबीमध्ये चालवा. क्रॅश झाल्यावर 'बीटी' टाइप केलं की कोणत्या फंक्शनमधून कुठे जाऊन प्रोग्राम पडला, ती पूर्ण साखळी दिसते.

तीन. ॲड्रेस सॅनिटायझर वापरा. 'डॅश एफ-सॅनिटाइज' या पर्यायात 'ॲड्रेस' लिहिलं की तो चालू होतो. प्रोग्राम थोडा हळू चालतो, पण बाकावर चौथा माणूस टेकताक्षणी कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत ते सांगून थांबतो. जीसीसीमध्ये तो २०१३ पासून आहे.

चार. लीक शोधायला लिनक्सवर व्हॅलग्रिंड आहे. 'डेफिनेटली लॉस्ट' पुढचा आकडा शून्य यायला हवा. सॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड एकाच वेळी मात्र लावू नका.

पाच. तरीही सापडलं नाही तर कोड निम्मा करा. जो भाग काढल्यावर क्रॅश थांबतो, संशय तिथे धरा. पण क्रॅश थांबला म्हणजे चूक गेली असं नाही. ती दुसऱ्या खोलीत लपलेली असू शकते.

ही साधनं मोफत आहेत. सी आणि सी++ मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडेही मोफत मिळतात.

कंपायलरलाच सगळं का कळत नाही?

कारण चिठ्ठीवर कोणता पत्ता असेल हे बऱ्याचदा प्रोग्राम चालल्यावरच ठरतं. वापरकर्त्याने ५ टाइप केलं तर एक खोली, ५० टाइप केलं तर दुसरी. कोड नुसता वाचून पॉइंटर कुठे कुठे जाऊ शकतो याचा अंदाज बांधणं ही संशोधनाची मोठी शाखा आहे. पवईत आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांनी याच विषयात दीर्घकाळ काम केलं आणि जीसीसीचा अभ्यास करणारं केंद्रही तिथे उभं राहिलं.

एका जास्तीच्या खाण्याची किंमत

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं वाटत असेल, तर १९ जुलै २०२४ हा दिवस आठवा. जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळा स्क्रीन दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. मुंबई विमानतळावर चेक-इन हाताने करावं लागलं, देशात काही प्रवाशांना पेनने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं अपडेट. प्रोग्राम २१ वी नोंद वाचायला गेला, प्रत्यक्षात नोंदी २० च होत्या. म्हणजे पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये होते तीच ॲरेबाहेर जाण्याची चूक. फक्त हा कोड विंडोजच्या गाभ्यात चालत होता, त्यामुळे एकटा प्रोग्राम पडला नाही, सोबत अख्खा कॉम्प्युटर पडला.

त्याआधी २०१४ मध्ये 'हार्टब्लीड'ने जगाची झोप उडवली होती. ओपनएसएसएलमधल्या एका चुकीमुळे कुणीही सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे पुन्हा पुन्हा मागून घेऊ शकत होतं. सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढंच तपासायचं राहिलं होतं. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल क्रोम या दोघांच्याही टीमनी सांगितलंय की त्यांच्या गंभीर सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच चुकांमधून येतात.

मग रस्ट शिकावी का?

१५ मे २०१५ रोजी रस्ट भाषेची पहिली पक्की आवृत्ती आली ती याच दुखण्यावर. तिथे प्रत्येक गोष्टीचा एकच मालक असतो. मालकी दुसऱ्याला दिली की जुनी चिठ्ठी रद्द, ती वापरायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही. एकाला बदल करायची परवानगी दिली असेल तोवर दुसऱ्याला डोकावताही येत नाही. ॲरेबाहेरचा इंडेक्स वापरला तर प्रोग्राम शेजारच्या खोलीत न शिरता जागच्या जागी थांबतो.

याची किंमत म्हणजे सुरुवातीला कंपायलर खूप भांडतो. पण त्याचे निरोप समजावून सांगणारे असतात आणि प्रत्येक एररच्या कोड नंबरवरून सविस्तर माहितीही मागवता येते. सी-मध्ये रात्री दोनला सापडणारी चूक इथे टाइप करतानाच दिसते.

तरी सी सोडायचं कारण नाही. लिनक्सचा गाभा, डेटाबेस, वॉशिंग मशीनपासून गाडीपर्यंतच्या चिप, सगळीकडे सी आहे आणि बराच काळ राहणार आहे. शिवाय पॉइंटर नीट कळलेल्याला रस्टचे नियम जाचक वाटत नाहीत, ते कशासाठी आहेत हे लगेच उमगतं.

तेव्हा पुढच्या वेळी पॉइंटर लिहाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. पत्ता भरलाय का? त्या पत्त्यावर अजून आपलंच सामान आहे का? आणि बरॅक कुठे संपते? तिन्हींची उत्तरं देता आली, तर सेगमेंटेशन फॉल्ट क्वचितच भेटेल.